आक्कांच्या ताटात काय होतं

"मीठ बघ गं जरा."

दर बुधवारी आणि रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला ही हाक यायची. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. रस्सा पळीत घेऊन, पळीखाली दुसरा हात धरून त्या माझ्यापुढं उभ्या राहायच्या. मी हातातलं काम टाकून तळहातावर दोन थेंब घ्यायची, चाटायची आणि "बरोबर हाय" म्हणायची. घाईत असले की नीट चाटायचीही नाही, नुसतं "बरोबर हाय". मला त्याचा वैताग यायचा. इतकी वर्षं मटण-मासे रांधणाऱ्या बाईला मिठाचा अंदाज येऊ नये म्हणजे काय? एकदा मी बोललेसुद्धा, "तुमीच चाखा की आक्का, माझी चपाती करपतीया." त्या नुसत्या हसल्या. त्या मासे-मटण खात नाहीत हे मला ठाऊक होतं. का खात नाहीत, हे मी एकोणीस वर्षांत विचारलं नव्हतं. माळ घातली असेल, देवाधर्माची बाई आहे, असं मी धरून चालले होते.

आमचं घर माणमध्ये. शेत कंपन्यांत गेलं, उरलेल्या जागेवर चार मजले चढवले, वर खोल्या भाड्यानं दिल्या आणि खाली आम्ही दोघी जावांनी मेस चालू केली. जेवायला सगळी कंप्युटरवाली पोरंपोरी, कुणी लातूरचं, कुणी बिहारचं. सकाळी साठ पानं, संध्याकाळी साठ. मी पौडची, एसटी स्टँडच्या मागं माझं माहेर. तोंडानं फटकळ, म्हणून भाजी आणणं, गॅसवाल्याशी भांडणं, पोरांना दटावणं ही कामं माझी. रांधणं आक्कांचं. कुणाला कांदा चालत नाही, कुणाला तिसरी चपाती लागते, कुणाच्या डब्यात लोणचं घालायचं नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. त्याचा मला तोरा होता. पुढचं सांगताना त्या तोऱ्याची लाज वाटणार आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

बिघडायला सुरुवात झाली ती चपलेपासून. आक्का अंगणातून चालायच्या आणि एक चप्पल पायातून निसटून मागं पडायची. त्यांना पत्ताच नसायचा. तशाच पुढं जायच्या. आम्ही हसायचो. "आक्का, एक चप्पल रुसली बघा, तिला बी घ्या संगं." त्या थांबून आपल्या पायाकडं बघायच्या, आणि पाय दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं तोंड करायच्या. मग जिभेची तक्रार चालू झाली. तिखट सोसेना. जीभ दाखवली तर लालभडक, गुळगुळीत. मग त्या पिठाच्या डब्यापुढं उभ्या राहून कशाला आलो ते विसरायला लागल्या. भाजीत दोनदा मीठ पडलं, पोरांनी ताटं तशीच ठेवली.

आणि मग त्या गप्प झाल्या. हे लोकांना कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्या आक्का गप्प बसणाऱ्या बाई नव्हत्या. भात गिचका झाला, कोथिंबीर जाड चिरली, पोरीला वेणी नीट घातली नाही, कशावरूनही मला बोलायच्या. भांडायच्या, आणि तासाभरात विसरून चहा टाकायच्या. ते बोलणंच थांबलं. खोटं कशाला बोलू, पहिला महिनाभर मला बरंच वाटलं. मागच्या पायरीवर बसून त्या समोर बघत राहायच्या. समोर गाड्यांचं पार्किंग, जिथं पूर्वी आमचा गोठा होता. काय होतंय विचारलं तर म्हणायच्या, "काय न्हाई. कायच वाटत न्हाई बघ." मग डोळ्यांतून पाणी यायचं, आणि ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात राहायचं नाही.

आमच्याकडं ताप आला तर गोळी आणतात आणि मन गेलं तर उपास धरतात. असंच चालत आलंय. आक्कांचा सोमवार होता, गुरुवार होता, संकष्टी होती, दोन्ही एकादश्या होत्या. आता थोरल्या दिरांनी, म्हणजे आक्कांच्या मालकांनी, कुणाला तरी विचारून आणलं, शनिवारी आळणी खायचं. नणंदेनं फोनवर सांगितलं, शुक्रवारी आंबट बंद करा, दही-ताक तर बघूच नका. आणि मी? मी त्यांच्या सोमवारावर सोळा सोमवारांचा संकल्प चढवला. "एकवेळ फराळ, तेवढाच घ्यायचा. मन थाऱ्यावर येईल तुमचं." पोथी मीच आणून दिली. साबुदाणाही मीच भिजवला. मनापासून केलं, मायेनं केलं. ज्याला ज्याला आक्कांची काळजी वाटली, त्या प्रत्येकानं त्यांच्या ताटातला एकेक घास उचलून देवापुढं ठेवला. आणि आक्कांनी सगळं मुकाट ऐकलं. तिथंच मला शंका यायला हवी होती. धडधाकट असत्या तर म्हणाल्या असत्या, "तुझं तू कर की सोळा सोमवार."

एका दुपारी मी चहा दिला, तर त्यांनी कप मोरीत ओतला. म्हणाल्या, "तू कायतरी कालवतीस ह्यात." भांडेवाल्या बाईपुढं म्हणाल्या, दोन भाडेकरू पोरी पाणी भरत होत्या त्यांच्यापुढं म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. "व्हय, इख कालवते," म्हणाले, आणि आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

नेमका त्याच आठवड्यात थोरल्या दिरांनी विषय काढला. घाटाखाली एक ठाणं आहे, अशा बायांना तिथं ठेवून घेतात, तीन महिन्यांत बाधा उतरवून देतात. दिवाळी झाली की नेऊन सोडू. आक्कांचा मुलगा जमिनीकडं बघत बसला. आमच्या यांनी माझ्याकडं बघितलं, कारण दिवसभर आक्कांसोबत मीच असायची. त्या ठाण्यावर राहून आलेली एक बाई आमच्या आळीत आहे. तिच्या घोट्यावर साखळीचे वण आहेत आणि ती कुणाशी बोलत नाही. मला हे माहीत होतं. तरी मी म्हणाले, "ठेवा."

दिवाळीच्या आधीचा मंगळवार. चिवड्याचे पोहे भाजून झाले आणि मी तापलेला तवा मोरीजवळ खाली ठेवला. आक्का पाणी प्यायला आल्या, चप्पल नेहमीसारखी मागं पडलेली. त्यांनी तव्यावर पाय दिला आणि तशाच उभ्या राहून तांब्यात पाणी ओतत राहिल्या. मला वास आला. वळून बघितलं आणि दंडाला धरून त्यांना ओढलं. पाणी सगळं सांडलं. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "का गं, काय झालं?"

त्या वेळी मी घाबरले. अंगात आलेल्या बाया मी पाहिल्यात, निखाऱ्यावरून चालणारे पाहिलेत. पण त्यांना चटका बसलेला कळतो, ते तो सोसतात. आक्कांना काही सोसावं लागतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तसंही पौडला जायचं होतं. जमिनीच्या कागदावर तहसील कचेरीत आक्कांची सही लागत होती. म्हटलं, आधी सरकारी दवाखान्यात पायाला पट्टी करून घेऊ. डॉक्टरीण अगदी पोरगेली, केस कसेबसे बांधलेले. तिनं पाय बघितला, चटका कळला नाही म्हटल्यावर हातातलं पेन खाली ठेवलं. जीभ बघितली. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, तर आक्का झोकांडल्या. मग तिनं विचारलं, "मावशी, काल सकाळपासून काय काय खाल्लं?"

मी म्हणाले, "खातात की सगळं. आमची मेसच हाय."

"त्यांना सांगू द्या," डॉक्टरीण म्हणाली.

आक्का बोटं मोजायला लागल्या. "च्या. मग परत च्या. दुपारी वाईच साबुदाणा, सोमवारचा उरला व्हता त्यो. मग च्या."

"रात्री?"

"भूक न्हवती."

"परवा?"

"परवा सोमवार व्हता."

"त्याच्या आधी?"

"चतकोर भाकर. च्यात बुडवून."

"चहा दुधाचा?"

"कोरा. पिशवीच्या दुधाला वास येतुया. आमच्या म्हशी व्हत्या तवा ताक प्यायची मी, तांब्या तांब्या."

"अंडी, मासे?"

"न्हाई. लई वरसं झाली."

मी त्यांची पिशवी धरून उभी होते. साठ माणसांचं लोणचं मला तोंडपाठ. माझ्यासमोर, माझ्याच चुलीवर रांधणारी बाई कधीपासून कोण जाणे चहा पिऊन जगत होती आणि मी डॉक्टरला म्हणत होते, खातात की सगळं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

डॉक्टरणीनं मला बाजूला घेऊन नीट समजावलं. मेंदूला आणि नसांना एक जीवनसत्त्व लागतं, बी-बारा म्हणतात. ते भाजीभाकरीत नसतं, दुधात, अंड्यात, माशामटणात असतं. शरीर त्याचा साठा करून ठेवतं, म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही. साठा संपला की पाय बधिर होतात, जीभ सोलवटते, आठवण जाते, माणूस उदास होतं, संशय घेतं. रक्त तपासून खात्री करू, पण यांना कुणी काही लावलेलं नाही. "उपाशी आहेत त्या," ती म्हणाली. "आधी का नाही आणलं?"

मी काय सांगणार होते? सोळा सोमवार चालू होते, म्हणून?

रक्ताचा कागद आला, त्यावर तो आकडा फारच खाली होता. इंजेक्शनं सुरू झाली, आधी दिवसाआड, मग आठवड्याला. थोरले दीर म्हणाले, "सुईनं जातं व्हय असलं?" मी म्हणाले, "मी ठेवा म्हणाले व्हते, मीच शब्द मागं घेते. संक्रांतीपर्यंत थांबा." ते म्हणाले, संक्रांतीपर्यंत, पुढं एक दिवस नाही.

महिनाभरात फरक पडला. संशय गेला. एका सकाळी आक्कांनी मला विचारलं, "तो चष्म्यावाला पोरगा दिसत न्हाई, गावाला गेला का?" मी मोरीत तोंड धुण्याच्या निमित्तानं रडून घेतलं. पण अंगाला काही लागत नव्हतं. पायरीवर बसणं चालूच होतं, तवा उचलायचीही ताकद नव्हती. डॉक्टरणीनं मला स्पष्ट सांगितलं, सगळं दुःख जीवनसत्त्वाचं नसतं. जमीन गेली, म्हशी गेल्या, त्याला माझ्याकडं इंजेक्शन नाही. बधिर पायही पूर्ण बरे होतील असं नाही. पण रिकाम्या पोटी कुठलंच दुःख पेलत नाही, तेव्हा यांच्या ताटात काहीतरी पडू दे. दूध पाजून बघितलं, पोट फुगलं. अंडं पुढं केलं, ताट सरकवलं. माशाचं नाव काढलं तर एवढंच म्हणाल्या, "शब्द दिलाय." कुणाला, कशाचा, ते सांगेनात.

पौष लागला, संक्रांत आठवड्यावर आली. मी आक्कांना घेऊन त्यांच्या माहेरी गेले, मुळशीला. धरणाच्या काठावर घर, भाऊ मासे धरतो. त्यांच्या भावजयीनं चिलापी तळायला घेतली होती. वास आल्याबरोबर आक्का दारातच थांबल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडावर काहीतरी हललेलं मी पाहिलं.

भावजय मला म्हणाली, "हिच्याइतकी मासळी आमच्याकडं कुणी खाल्ली न्हाई बघा. खेकड्याच्या नांग्या लपवून ठेवायची फडताळात."

"मग माळ कधी घातली?" मी विचारलं.

"माळ? कुटंय माळ हिच्या गळ्यात?"

मी आक्कांच्या गळ्याकडं बघितलं. मंगळसूत्र होतं, काळी पोत होती. माळ नव्हती. एकोणीस वर्षं एका स्वयंपाकघरात राहून मी त्यांच्या गळ्याकडं नीट बघितलं नव्हतं.

"आता सांगायचं," मी म्हणाले. "न्हाईतर मी हितनं हलायची न्हाई."

आक्का खाली बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "तुझी लेक सातव्या महिन्यात झाली. काचेच्या पेटीत ठिवली व्हती. तू बेशुद्ध. डाक्टर म्हनला, रात निघंल का सांगता येत न्हाई. मी हितल्या देवीला म्हनलं, पोरगी जगू दे, मासळी-मटण सोडते. मला दुसरं काय सोडता येन्यासारखं व्हतंच न्हाई."

माझी लेक आता कॉलेजात जाते. मासे तिला जीव की प्राण. आक्काच रांधून घालायच्या तिला, काटे काढून. आणि मीठ मला बघायला सांगायच्या.

मला काय म्हणावं सुचेना, आणि सुचेनासं झालं की मला राग येतो. "जगली की ती," मी ओरडले. "एवढी घोडी झाली. आता खायला काय झालं तुमाला?"

"शब्द मोडला आन् तिला कायतरी झालं म्हंजे?"

त्यांच्या डोळ्यांत खरी भीती होती. डॉक्टरणीचं सगळं बरोबर असेल, पण त्या भीतीपुढं तो रक्ताचा कागद धरून काही उपयोग नव्हता, एवढं मला कळलं. मी उठले. भावजयीकडून नारळ मागून घेतला आणि आक्कांच्या हाताला धरून देवीला गेले. पाण्याच्या कडेला छोटंसं देऊळ, दुपारची वेळ, कुणी नव्हतं. नारळ ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "लेक माझी हाय. तिच्यासाठी यांनी सोडलेलं आजपासून मी सोडते. यांचा शब्द माझ्याकडं दे."

आक्का कपाळाला आठ्या घालून बघत होत्या. "मटण बी?" त्यांनी विचारलं.

"मटण बी."

"आन् अंडं?"

"अंडं न्हाई. ती डॉक्टरीण मला बी सोडायची न्हाई. अंडं आणि दूध मी खाणार, देवीनं समजून घ्यावं."

आक्का विचारात पडल्या. मूर्तीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "चालंल तिला," त्या म्हणाल्या, आणि नारळ फोडायला पुढं झाल्या. दोनदा आपटावा लागला, हातात जोर नव्हता.

संक्रांतीच्या आधीचा रविवार. भावानं पहाटेच चिलापी पाठवली होती. रांधायला मी बसले. आक्का माझ्या शेजारी स्टुलावर, पायात पट्ट्याच्या चपला, निसटू नयेत म्हणून घेतलेल्या. थोरले दीर दारात येऊन उभे राहिले. ते कशासाठी आलेत ते मला माहीत होतं. आक्कांना नेण्याचं काय करायचं, हे विचारायला. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. कालवणाला उकळी आली, सवयीनं तळहात पुढं केला, आणि आठवलं. मग पळी भरली, खाली दुसरा हात धरला आणि आक्कांच्या पुढं उभी राहिले.

"मीठ बघा ओ जरा."

त्यांनी तळहातावर दोन थेंब घेतले. वास घेतला. चाटले. डोळे मिटले, आणि इतका वेळ मिटून ठेवले की मला वाटलं आता रडतात. मग डोळे उघडून माझ्याकडं बघितलं.

"मीठ हाय व्हय ह्यात?" त्या म्हणाल्या. "एकोनीस वरसं तुला बघाया सांगितलं, तर आपलं बरोबर हाय, बरोबर हाय. असंच बघत व्हतीस व्हय?"

थोरले दीर दारातून निघून गेले. त्यांनी काही विचारलं नाही, नंतरही कधी नाही. मी चिमूटभर मीठ घातलं, ढवळलं आणि पळी पुन्हा आक्कांच्या पुढं धरली.